तडी री, मास्तर!

नेम उदगीरवर होता. बॉल नारायणखेडच्या रोखाने गेला.

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. घरामागच्या मुरमाड माळावर उभं राहिलं की सरळ उत्तरेला उदगीर, म्हणजे महाराष्ट्र. उजव्या हाताला, थेट पूर्वेला नारायणखेड, म्हणजे तेलंगणा. मी मारलेला बॉल पहिली तीस-चाळीस पावलं महाराष्ट्राशी एकनिष्ठ राहिला. मग त्याला एकाएकी काहीतरी आठवलं आणि पेंडीचा वास लागलेल्या म्हशीसारखा तो उजवीकडे वळला. तिकडे बाभळी आहेत. पुढचं सगळं बाभळींना माहीत.

"मामा, याला स्लाइस म्हणतात," भाचा म्हणाला. "गोल्फ शिकणाऱ्या बहुतेकांचा होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळत जातो."

आमच्याकडे स्लाइस म्हणजे पावाचा, तोही कुणी आजारी पडलं की. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला या शब्दाचा दुसरा उपयोग लगेच सुचला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा आमच्या जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि भालकी, हुमनाबादसकट आम्ही म्हैसूर राज्यात. खरा स्लाइस तो. माझ्या बॉलने एवढंच केलं की ही फेरमांडणी मानली नाही. तो अजून निजामाच्या नकाशावर खेळतो.

गोल्फ आमच्या घरात शिरला तो ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक तीन फेऱ्यांनंतर दुसऱ्या नंबरावर होती. भाचा तेव्हा हैदराबादची कंपनी लॅपटॉपमध्ये भरून आमच्या माडीवर मुक्कामाला होता. त्याने पहाटेच सगळ्यांना उठवून टीव्हीसमोर बसवलं. खेळ कळत नव्हता; पण कर्नाटकची पोरगी म्हटल्यावर आमच्यातला कर्नाटक जागा झाला. तिची बॅग तिची आईच उचलत होती. ते बघून आमच्या सौ. म्हणाल्या, "पोरीनं खेळायचं आणि ओझं आईनं वाहायचं. जपानातसुद्धा?" अदितीचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सोनं आणलं आणि गाव सकाळ विसरून गेलं. भाचा विसरला नाही. हैदराबादला परत गेला तो गोल्फ शिकायलाच लागला.

दोन वर्षांनी त्याने नवा संच घेतला आणि जुन्यातली ड्रायव्हर नावाची एक काठी, एक सात नंबरची लोखंडी काठी आणि वीस बॉल एवढा ऐवज मामाच्या नावाने निघाला. चादरीत गुंडाळून तो विकाराबाद-परळी मार्गाच्या गाडीने आणला. डब्यातल्या एका वारकऱ्याने विचारलं म्हणे, "माऊली, वीणा का?" भाच्याने हो म्हणून टाकलं. त्या गाडीत गोल्फ समजावण्यापेक्षा वीणा पत्करली.

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. "गोल्फमध्ये चालणंच चालणं, मामा," भाचा म्हणाला. हे खरं निघालं. बॉल शोधत मी रोज बाभळीत दोन-दोन तास चालतो.

गोल्फची पहिली गंमत उभं राहण्यात आहे. ज्या दिशेला मारायचं तिकडे तोंड करायचंच नाही. डावा खांदा उदगीरकडे, तोंड नारायणखेडकडे. हे मला मात्र एका दिवसात जमलं. आम्ही सीमेवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या असेच उभे आहोत: तोंड बंगळुरूच्या विधानसौधाकडे, डावा खांदा मुंबईकडे, आणि पोरंबाळं हैदराबादला.

दुसरी गंमत बॉलच्या वजनाची. नियमाप्रमाणे गोल्फचा बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असतो. जुन्या मापाने जवळजवळ चार तोळे. हे मी सौ.ना हौसेने सांगितलं आणि ती माझ्या वानप्रस्थाश्रमातली सर्वात मोठी चूक ठरली. तेव्हापासून मी माळावरून परतलो की त्या विचारतात, "आज किती तोळे घालवलं?"

आता मूळ दुखण्याकडे येतो. बॉल का वळतो?

याचं निदान भाच्याच्याही आधी आमच्या गवंडी चाचांनी केलं. चाचा बांधावर बसून तंबाखू मळत होते. माझे चार फटके त्यांनी बघितले आणि अगदी आदराने विचारलं, "मास्टरसाब, गेंद कू मारतैं क्या लकडी फोडतैं?"

मला राग आला. पुढल्याच महिन्यात भाच्याने हैदराबादला सरावाच्या मैदानावर नेलं. गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात गोल्फचं मोठं मैदान आहे ते नव्हे. हे शहराबाहेरचं, टोपलीभर बॉल विकत घेऊन एका जागी उभं राहून मारायचं. तिथल्या शिकवणाऱ्या पोराने माझा फटका फोनवर टिपला, सावकाश करून दाखवला आणि म्हणाला, "अंकल, यू आर कमिंग ओव्हर द टॉप." म्हणजे मराठीत सांगायचं तर लाकडं फोडताय. चाचांनी जे फुकट सांगितलं तेच इथे इंग्रजीत आणि पैसे मोजून ऐकलं, तेव्हा पटलं.

फोनमध्ये दिसलं ते असं. काठी वर जाईपर्यंत सगळं ठीक. वर गेल्यावर मात्र मला बॉल दिसतो आणि माझा उजवा खांदा मलाही न विचारता पुढे धावतो. हात बाहेर फेकले जातात. काठी बॉलच्या पलीकडच्या बाजूने उतरते आणि माझ्या डाव्या ढोपराकडे ओढली जाते. बाहेरून आत. बाभळीचं खोड फोडायला हा घाव उत्तम. बालपणी मी तो शेकडो वेळा घातलाय. शरीर विसरत नाही. विसरायला पाहिजे तेच नेमकं लक्षात ठेवतं.

बॉल आणि क्लबचं, म्हणजे काठीचं, तोंड यांची भेट सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढी. डोळ्याचं पातं लवायला यापेक्षा कितीतरी वेळ लागतो. तेवढ्यात बॉल दोन गोष्टी बघून घेतो: क्लबचं तोंड कुठे आहे आणि क्लब चाललाय कुठे. निघताना तो मुख्यत्वे तोंडाचं ऐकतो. पण तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असली की त्याला तिरकी गिरकी बसते आणि तो वळत जातो. माझ्या क्लबचं तोंड उदगीरकडे असायचं, चाल निलंग्याकडे. तोंड चालीच्या मानाने उजवीकडे उघडं, म्हणून बॉल उजवीकडे. पूर्वीची पुस्तकं उलट शिकवायची, की बॉल चालीच्या दिशेने निघतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो. उडत्या बॉलचं रडारवर मोजमाप व्हायला लागलं आणि ते खोडलं गेलं. बोलायचं एकीकडे, चालायचं दुसरीकडे, हे निवडणुकीत खपतं. चार तोळ्यांच्या बॉलला खपत नाही.

निदान झालं. आता उपचार. आणि उपचार म्हटलं की आमच्या गावात प्रत्येक जण धन्वंतरी.

एक म्हणाला, मान वर होते, मान खाली ठेवा. हे वाक्य मी पस्तीस वर्षं मुलांना ऐकवलं, म्हणून शिक्षा समजून पाळलं. मान खाली राहिली, बॉल बाभळीतच गेला. फरक एवढाच की कुठल्या बाभळीत तेही आता दिसेना. दुसरा म्हणाला, जोर कमी पडतो. मी गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली बारा गजी तोफ आठवून जोर लावला. वळणारा बॉल जोराने मारला की तो जोराने वळतो, हे ज्ञान त्यातून मिळालं. काठी तर मी अशी आवळायचो की रुमणं सुटलं तर बैल तेलंगणात जातील.

सगळ्यात घातक उपाय मात्र माझा स्वतःचा. बॉल उजवीकडे जातो ना? मग नेमच डावीकडे धरायचा. उदगीर सोडून निलंग्यावर. हिशोब चोख वाटला: निलंगा वजा स्लाइस बरोबर उदगीर. प्रत्यक्षात बॉल नारायणखेडही सोडून जहीराबादच्या वाटेला लागला. कारण पुढे कळलं. अंग डावीकडे वळवलं की काठीची चालही आणखी डावीकडे जाते, तोंड मात्र सवयीने उदगीरकडेच बघत राहतं; दोघांतलं अंतर वाढतं आणि बॉल जास्तच वळतो. म्हणजे चूक झाकायला केलेली तरतूदच चुकीला खतपाणी घालते. स्लाइस करणारा माणूस वर्षानुवर्षं डावीकडे सरकत राहतो आणि बॉल उजवीकडे.

शाळेत मी चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगायचो. इथेही रोज शंभर फटके मारले. महिन्याभरात चूक सुधारली नाही, चुकीचं अक्षर मात्र वळणदार झालं.

या दिवसांत सौ.ना एक जुनी बातमी मी पुरवली. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती; पोरं तिरंदाजीचा सराव सोडून यातच रमायला लागली म्हणून. सौ. म्हणाल्या, "मग ती उठवली कुणी? त्याचं नाव सांगा."

पुढच्या खेपेला भाचा आला तेव्हा सोबत औषध घेऊन आला. औषधाला लागणारं सामान मात्र सगळं घरचंच.

पहिली तुराटी. आमच्या भागात तुरीचा सुकाळ. कलबुर्गीची तूर तर नावाजलेली. तूर झोडपून झाली की तुराट्यांचे भारे घरामागे पडलेले असतात. गोल्फवाले दिशा कळावी म्हणून जमिनीवर एक रंगीत कांडी ठेवतात आणि ती दुकानात विकत मिळते. भाच्याने एक सरळ तुराटी काढली, टोक उदगीरकडे करून मांडली आणि म्हणाला, "पायाचे अंगठे या रेषेवर. निलंग्याचं नाव काढायचं नाही."

दुसरं, पकड. डाव्या हाताची मूठ काठीवर थोडी उजवीकडे फिरवायची, इतकी की वरून बघताना बोटांच्या दोन-तीन पेरांचे उंचवटे दिसले पाहिजेत. मला एकच दिसायचा. मूठ फिरली की बॉलवर पोचेपर्यंत क्लबचं उघडं तोंड मिटायला लागतं. आणि आवळायचं नाही. "मामा, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं धरा." चिमणीचं पिल्लू धरून बारा गजी तोफ कशी डागायची, हा प्रश्न मी मनात ठेवला.

तिसरा, तेलाचा रिकामा डबा. पंधरा किलोचा, पत्र्याचा. बॉलच्या पलीकडे चार बोटं सोडून त्याने तो उभा केला. "काठी बाहेरून उतरली की डब्याला लागणार. आतून आली तर डबा वाचेल." तत्त्व सोपं. मी काठी उचलली, बॉल दिसला, खांदा धावला.

ठण्ण.

आवाज थेट शाळेच्या घंटेचा. पुन्हा मारलं. ठण्ण. बांधावर खेळणारी तीन पोरं दप्तराकडे धावली. आठ दिवस आमच्या गल्लीत अवेळी शाळा भरत होती आणि सुटत होती. डब्याचे चारही कोपरे आत गेले. शेजारणीने सौ.ना विचारलं, "मास्तरांना शाळेची लई आठवण येती का हो?"

चूक कळली होती. दिशा कळली होती. चुकलं की घंटाही वाजत होती. तरी खांदा ऐकत नव्हता, कारण "असं करू नको" एवढंच त्याला सांगितलं जात होतं. मग करायचं काय, हे कुणी दाखवलं नव्हतं. ते मला आमच्याच अंगणात सापडलं.

सकाळचे सहा. सौ. सडा टाकत होत्या. बादलीत तांब्या बुडवायचा, अंग उजवीकडे वळवायचं आणि पाण्याची ओळ जमिनीलगत फेकायची. चाळीस वर्षांत मी त्या वेळी चहाची वाट बघत असायचो, सडा कधी बघितलाच नव्हता. त्या दिवशी बघितला. आधी भार डाव्या पायावर गेला. मग कंबर वळली. कंबरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर अंगालगत, आणि सगळ्यात शेवटी मनगट सुटलं. पाणी पंख्यासारखं उघडलं आणि अंगणभर सारखं बसलं. ना उंबऱ्यावर थेंब, ना तुळशीवर. गोल्फच्या फटक्याचा जो क्रम हैदराबादचा पोरगा टोपलीभर बॉल संपेपर्यंत मला समजावत होता, तो हा. खालून वर: पाय, कंबर, खांदा, हात. माझा होता वरून खाली.

"काय बघताय?" सौ.नी विचारलं.

"तुमची कंबर," मी खरं ते सांगितलं.

त्यानंतर दोन दिवस चहात साखर जास्त होती. गैरसमज मी दूर केला नाही.

भाचा गेल्यावर मी गुपचूप तांब्या घेऊन माळावर सडा टाकायला लागलो. पहिल्या दिवशी पाणी माझ्याच धोतरावर आलं, कारण खांदा तिथेही आधी धावला. पण पाण्याचा एक गुण आहे, ते लगेच सांगतं. हळूहळू ओळ जमिनीला धरून जायला लागली. मग तांब्या ठेवून काठी घेतली, की पुन्हा ठण्ण. हातात तांब्या असला की मी सौ., काठी आली की लाकूडतोड्या.

आणि मग तो मंगळवार उजाडला.

मी तुराटीवर अंगठे लावले, पेरं मोजली, चिमणी धरली, डबा बघितला. काठी वर नेली. भार डाव्या पायाकडे सरकायला लागला होता आणि खांदा धावायच्या बेतात होता, एवढ्यात मागून शेजारचे अण्णा ओरडले, "तडी री, मास्तर!"

त्यांची कालवड दावं तोडून माळावर शिरली होती. अण्णांची भाषा कानडी. कानडीत "तडी" म्हणजे थांब आणि "तडी री" म्हणजे थांबा हो. पन्नास वर्षांच्या शेजारामुळे माझ्या अंगाला हा शब्द मेंदूच्या आधी कळतो. हात जिथे होते तिथे क्षणभर थबकले. पाय आणि कंबर मात्र निघून गेलेली, ती थांबली नाहीत. मग हात मागाहून, ओढले गेल्यासारखे, अंगालगत खाली आले.

डबा वाजला नाही.

टक् असा बारीक, कोरडा आवाज आला. इतक्या दिवसांत मी तो ऐकला नव्हता. हाताला धक्का नाही, काही नाही. बॉल कालवडीच्या पाठीवरून गेला आणि जात राहिला, वळलाच नाही. त्याला नारायणखेड आठवलंच नाही. उदगीरच्या रस्त्याला नेम धरून तो माळाच्या टोकाला टप्पा घेऊन थांबला. कालवड, अण्णा आणि मी, तिघंही बघत राहिलो.

"मारलात की," अण्णा म्हणाले. "मी थांबा म्हणत होतो."

"थांबलो म्हणूनच," मी म्हणालो.

मागचं दार उघडून सौ. घाईने बाहेर आल्या. "काय झालं? आवाज का नाही आला?" आठ दिवस डबा वाजत होता तेव्हा कुणी आलं नाही, एकदा वाजला नाही तर बाई घाबरून आल्या.

आता रोज काठी वर गेली की मी मनात अण्णांचा आवाज काढतो: तडी री. आणि काठी खाली आली की मराठी चालू करतो, कारण मराठीत तडीस न्यायचं असतं. बॉलला लागल्यावर थांबायचं नाही. हात पुढे, छाती उदगीरकडे, उजवी टाच वर, फटका पुरा. वर कानडी तडी, खाली मराठी तडी. एकाच भाषेवर अडलेल्या माणसाचा फटका अर्धाच राहणार. हा उपाय हैदराबादच्या पोराला सांगायचा आहे, पण त्याला यातली एकही तडी येत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परवा भाच्याला फोनवर फटका दाखवला तर तो हसायला लागला. "मामा, स्लाइस गेला. आता हुक झालाय. तुम्ही मूठ जास्तच फिरवताय, तोंड मिटतंय. बॉल बघा."

बघितला. निघाला उदगीरकडे, आणि शेवटी मान डावीकडे वळवून थेट निलंग्याच्या रोखाने गेला. १९५६ सालचा जिल्हा आता पुरा फिरून झाला म्हणायचा.

घरात आलो तर सौ. सुपात तूर पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिकडं नारायणखेडाकडं चौदा गेले. आता निलंग्याकडं तीन. चार तोळ्यांनी धरा. किती झालं?"

मी इतिहास शिकवायचो. गणित त्यांचं पक्कं आहे.